सांगायची लाज आणि सोनोग्राफी

दोन महिने इथे काही लिहिलं नाही. काही जणांनी मेल करून चौकशी केली, धाकट्या नणंदेने तर फोन करून "वहिनी, कुणावर रागावलात की काय?" असं विचारलं. रागावले नव्हते. विषय नव्हता असंही नाही. विषय होता, पण तो इथे लिहावा की नाही हे ठरत नव्हतं. आज ठरलं. घरातल्या पुरुष मंडळींना अवघड वाटलं तर खुशाल पुढे वाचू नये. पण वाचलंत तर बरं, कारण दवाखान्यात नेणारे बहुधा तुम्हीच असता.

संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी कपड्यावर रक्ताचा डाग दिसला. रुपयाएवढाच. माझं वय चौऱ्याहत्तर. पाळी थांबली ती २००२ साली. म्हटलं, उष्णता झाली असेल. सब्जाचं पाणी प्यायले, गुलकंद खाल्ला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग मी कपडे स्वतः धुऊन न्हाणीघरातच वाळत घालू लागले. ह्यांना पत्ता नाही, कामवाल्या बाईंना पत्ता नाही. असे तीन आठवडे काढले!

आता गंमत बघा. शाळेत असताना प्रजनन संस्थेचा धडा आला की आमचे विज्ञानाचे गुरुजी "हा घरी वाचा" म्हणून पान उलटायचे. मी मराठीची बाई, पण मुलींना वेगळं बसवून तो धडा मी शिकवायचे. "यात लाजण्यासारखं काही नाही, काही वेगळं दिसलं तर आईला सांगा," हे वाक्य मी किती वर्षं बोलले असेन! आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मीच गप्प. लाज होती, आणि त्याहून जास्त भीती. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी असंच वर्षभर अंगावर काढलं होतं. डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा उशीर झाला होता. हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी सांगत नव्हते. विचित्र आहे, पण खरं आहे.

शेवटी सुनेचा फोन आला असताना तोंडातून निघून गेलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आई, हे तुम्ही आज सांगताय?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुण्याहून दारात हजर.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासलं आणि पोटाची व ओटीपोटाची सोनोग्राफी लिहून दिली, शिवाय 'टीव्हीएस', म्हणजे योनीमार्गातून करायची सोनोग्राफी. "काकू, घाबरू नका, पण टाळूही नका. पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं तरी बघायलाच हवं," एवढंच म्हणाल्या.

सकाळी उपाशीपोटी या, असं सोनोग्राफी सेंटरने सांगितलं होतं. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि पोटात वायू होतो, त्यामुळे नीट दिसत नाही. पाणी मात्र भरपूर प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. मूत्राशय भरलं की आतडी बाजूला सरतात आणि मागची गर्भपिशवी दिसते. मला मधुमेह नाही. ज्यांना आहे त्यांनी उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं का, हे डॉक्टरांना आधी विचारावं आणि पहिला नंबर मागून घ्यावा.

खिडकीवरच्या मुलीने आधारकार्डाची झेरॉक्स घेतली आणि फॉर्म भरायला बसली. "शेवटची पाळी कधी?" तिने संगणकाकडे बघतच विचारलं. मी म्हटलं, "२००२." तेव्हा कुठे तिने मान वर केली! मग "लग्न झालंय का?" हाही प्रश्न आला. मला हसू आलं. नंतर कळलं की आतून तपासणी करण्याआधी हा प्रश्न सगळ्यांना विचारतात. शरीरसंबंध न आलेल्या मुलीची ही तपासणी सहसा करत नाहीत, आणि थेट विचारायचा संकोच, म्हणून लग्नाचं विचारायचं. इथेही लाजच!

समोर भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा फलक होता. महाराष्ट्राने याबाबतचा कायदा १९८८ साली केला, देशाचा १९९४ साली आला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. ज्या यंत्राने बाई वाचायची त्याच यंत्राने मुली शोधून काढल्या आपल्या लोकांनी. माझा नंबर येईपर्यंत त्या फलकाकडे बघत बसले होते.

नंबर मात्र लवकर येईना. मधे दोन तातडीच्या पेशंट घेतल्या. इकडे पोट तट्ट फुगलेलं. ह्यांनी दोनदा जाऊन "हिला आता धरवत नाही हो," असं सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. पन्नास वर्षांच्या संसारात एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि एवढं बरंही.

आत खोली थंडगार आणि अंधारी. पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून दिवे कमी ठेवतात. पोटावर जेली लावली, तीही गारच. मग डॉक्टर एक जाडसर दांडा, त्याला प्रोब म्हणतात, दाबून फिरवू लागल्या. "श्वास घ्या... रोखा... सोडा." दुखत काही नाही, फक्त भरलेल्या मूत्राशयावर दाब आला की जीव कासावीस होतो.

नंतर लघवीला जाऊन यायला सांगितलं (काय सुख!), कारण आतून बघताना मूत्राशय रिकामं लागतं. मदतनीस बाई शेजारी उभ्या राहिल्या, कमरेखाली चादर टाकली. बोटापेक्षा थोड्या जाड, लांब प्रोबवर निरोध चढवून वर जेली लावतात आणि तो हळूच आत सरकवतात. माझ्या वयात तिथे कोरडेपणा असतो, त्यामुळे थोडं चुरचुरलं. मी "दुखतंय" म्हटल्याबरोबर डॉक्टर थांबल्या आणि "अंग सैल सोडा, थांबू का?" असं विचारलं. पाच-सात मिनिटांत संपलं. ज्या गोष्टीला मी तीन आठवडे भीत होते, ती रक्त काढताना टोचतं त्याहून फार काही नव्हती. महिला डॉक्टर हवी असेल तर नंबर लावतानाच विचारा. डॉक्टर पुरुष असले तर खोलीत बाई हजर असायला हवी, आणि ते सांगण्यात काही गैर नाही.

हे यंत्र कसं चालतं ते मी मुलांना असं सांगितलं असतं: विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की आवाज परत येतो, तसंच. फक्त हा आवाज इतका उंच पट्टीचा की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. तो शरीरात सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो, अवयवांवर आपटून परत येतो, आणि किती वेळाने व किती जोरात आला यावरून चित्र तयार होतं. प्रोब आणि कातडी यांच्यात हवा राहिली तर आवाज आत शिरतच नाही, म्हणून ती जेली. यात क्षकिरण नाहीत.

ग्लासगोच्या इयान डोनाल्ड नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलरच्या कारखान्यात नेल्या. धातूतले दोष शोधायचं यंत्र तिथे होतं, त्याने त्या तपासून पाहिल्या. १९५८ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. पोटाचा बरा न होणारा कर्करोग म्हणून सोडून दिलेल्या एका बाईला त्यांनी या तंत्राने तपासलं, तर ती अंडाशयातली पाण्याची मोठी गाठ निघाली. ती काढली आणि बाई वाचली. हे वाचून मला फार धीर आला.

पण तपासणी चालू असताना धीर कुठला! डॉक्टर एक शब्द माझ्याशी बोलत नव्हत्या, टंकलेखन करणाऱ्या मुलीला इंग्रजीत आकडे सांगत होत्या. त्यांच्या तोंडाकडे बघून मी अर्थ लावत होते. एकदा त्या थांबल्या, पुन्हा तिथेच मोजलं, आणि मला जाऊबाई दिसल्या. नंतर आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं की सोनोग्राफीवाल्या डॉक्टर जे दिसतं ते लिहितात; आजार कोणता हे लक्षणं आणि बाकीच्या तपासण्या जुळवूनच ठरतं, म्हणून त्या मोघम बोलत नाहीत. पटलं. तरी "झालं की सगळं सांगते हं" एवढं एक वाक्य बोलायला काय हरकत आहे?

रिपोर्ट तासाभरात मिळाला. तपासणीचे दीड हजार रुपये झाले. पाकीट रिक्षातच फोडलं, ही माझी चूक. 'ग्रेड वन फॅटी लिव्हर', 'उजव्या मूत्रपिंडात सिस्ट', आणि गर्भपिशवीचं अस्तर ९ मि.मी. वाचून सगळ्यांत भीती वाटली ती मूत्रपिंडाची. आणि ते निरुपद्रवी निघालं, या वयात पुष्कळांना असतं. महत्त्वाचा आकडा ९ होता. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या बाईचं अस्तर ४ मि.मी. किंवा कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी. जास्त असेल तर कर्करोग आहेच असं नाही, पण तुकडा काढून तपासावा लागतो. सोनोग्राफी फक्त जाडी दाखवते. ते काय आहे हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

तुकडा काढला. दुर्बिणीतून एक मांसल कोंब, पॉलिप, दिसला, तोही काढला. अहवाल यायला आठ दिवस. ते आठ दिवस आम्ही दोघं काय बोललो ते आता आठवत नाही. हे मात्र रोज सकाळी माझा चहा करायचे. कर्करोग नाही, असा अहवाल आला. ह्यांनी तो तीनदा वाचला, चष्मा पुसून.

माझं निभावलं. अशा रक्तस्रावाच्या दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो. पण ज्यांना गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग होतो, त्यांच्यापैकी बहुतेकींना पहिली खूण हीच दिसलेली असते, आणि लवकर कळला तर तो बहुधा बरा होतो. जाऊबाईंना ही खूण वर्षभर दिसत होती. घरात आम्ही चार बायका होतो आणि त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, की आम्हीच कधी विचारलं नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

म्हणून माझ्या नणंदा, भाच्या, सुना आणि वाचणाऱ्या सगळ्यांना सांगणं एवढंच: डाग दिसला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. जाताना सैल, दोन भागांतले कपडे घाला. जुने रिपोर्ट बरोबर न्या. पाकीट रिक्षात फोडू नका. आणि सोबत कुणीतरी असू द्या, मोठ्याने बोलणारं असलं तरी चालेल.

असो. पुढच्या वेळी एखादा हलका विषय घेईन.