कोळत्तूरचे पाळणे

मासा विकत आणणे आणि मासा पाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला सोलापूर सोडून पार चेन्नई गाठावी लागली. मी मराठीचा अध्यापक. शब्दांचे अर्थ सांगण्यावर माझे पोट चालते. तरीही ‘पाळणे’ या साध्या क्रियापदाचा अर्थ वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला एका तमिळ आजीबाईने शिकवला, आणि तोही मराठीचा एक शब्द न उच्चारता.

प्रकरण सुरू झाले आमच्या धाकटीच्या आठव्या वाढदिवसाला. लहानपणी वडिलांनी मला मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले ते मत्स्यालय आम्हां गावाकडच्या पोरांना राणीच्या बागेइतकेच अपूर्व वाटे. काचेपलीकडे संथपणे वळणारा एक मासा तेव्हापासून माझ्या मनात पोहत राहिला होता. म्हणून लेकीच्या नावाने, पण खरे म्हणजे स्वतःच्याच हौसेखातर, मी काचेचे एक गोल भांडे आणि एक सोनेरी मासा घरी आणला. लेकीने त्याचे नाव ठेवले बाजीराव.

अकराव्या दिवशी बाजीराव निवर्तले. मुलगी शाळेत होती. मी धावतपळत बाजारात गेलो आणि हुबेहूब तसाच दुसरा आणून पाण्यात सोडला. तोही गेला, तिसरा आणला. इतिहासात बाजीराव दोनच होऊन गेले, आमच्या भांड्यात पाच झाले! दर खेपेला मी गुपचूप गादी चालवीत होतो. “हे बरं नव्हे हं,” असे सौभाग्यवतींनी एकदोनदा सुचवून पाहिले. पण मुलीचे डोळे भरून येण्यापेक्षा ही लबाडी बरी, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

पाचव्या खेपेला मुलगी भांड्यापाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, बाजीरावाच्या शेपटीचं टोक पांढरं होतं. हा तो नाही.”

“अगं, रंग बदलतो त्यांचा,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नुसते पाहिले. रडली नाही, भांडली नाही. मात्र त्या दिवसापासून तिने भांड्यात खाद्य टाकायचे सोडून दिले. पाचवे बाजीरावही गेले तेव्हा नवा आणायची माझी हिंमत झाली नाही. भांडे माळ्यावर गेले. आणि मी काही सांगितले, की ते खरेच का, अशा नजरेने मुलगी माझ्याकडे पाहू लागली. ती नजर फार जड असते, हे बापलोकांना सांगायला नको.

पुढच्या उन्हाळ्यात तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयातली मराठी हस्तलिखिते पाहण्याचा योग आला. परतीच्या वाटेवर चेन्नईत एक दिवस मोकळा होता. कोणी समुद्रावर जातो, कोणी कापालीश्वराच्या देवळात. मी लॉजच्या व्यवस्थापकाला विचारले, “शोभेचे मासे कुठे पैदा करतात?” त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “कोळत्तूर!”

मध्यवर्ती स्थानकावरून अराकोणमच्या बाजूची लोकल धरायची. पेरांबूर जाते, १९५५ पासून आगगाडीचे डबे घडवणारा तो प्रसिद्ध कारखाना जातो, आणि विल्लीवाक्कम येते. तेथे उतरून उत्तरेला रिक्षाने थोडे गेले की कोळत्तूर. नावातला ‘ळ’ ऐकूनच मराठी माणसाला आपल्या गावी आल्यासारखे वाटते. तमिळमध्ये ‘कुळम्’ म्हणजे तळे आणि ‘ऊर’ म्हणजे गाव. तेव्हा हे तळ्याचे गाव, असे मी अध्यापकी हिशेबाने ठरवून टाकले. डोळ्यांना मात्र तळे दिसेना. दिसली ती दुतर्फा दुकाने, आणि दुकानांपुढे हवा भरून टम्म फुगवलेल्या पिशव्या. प्रत्येक पिशवीत पाणी आणि पाण्यात रंग.

आणि ही मंडळी कुठून कुठून आलेली! गप्पी त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाकडचे. एंजल ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. फायटर थायलंडचे, त्या देशाने २०१९ साली त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. सोनेरी मासा चीनचा. तेथे तो हजार वर्षांपासून माणसाच्या संगतीत आहे. परंतु आता यांच्यापैकी बहुतेकांनी आपला मुलूख पाहिलेलाही नाही. आंब्याच्या सावलीतल्या सिमेंटच्या टाकीत जन्म, पिशवीतून प्रवास, आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात बस्तान.

एका टाकीत मात्र आपल्या बाजूचा मासा भेटला. अंगावर काळा पट्टा, त्यावर लाल रेघ, जणू कोणी शाईने आखून वर कुंकवाचे बोट ओढले आहे. बाजारात याला ‘मिस केरळ’ म्हणतात. हा केरळ-कर्नाटकाच्या डोंगरी ओढ्यांतला रहिवासी. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला नवे नाव दिले, ‘सह्याद्रिया’. मी काचेला नाक लावून त्या भाऊबंदाला रामराम केला. पण त्याची कहाणी ऐकली आणि मन खट्टू झाले. देशोदेशीच्या हौशी लोकांसाठी ओढ्यांतून याला इतका उपसला, की आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत जाऊन बसला आहे. आता त्याची पैदास टाकीतही करता येते, एवढाच दिलासा.

दुकानदाराने एका पोराबरोबर मला मागच्या गल्लीत धाडले. घर साधेच. पण परसात, गच्चीवर, जिन्याखाली, जेथे म्हणून जागा तेथे टाक्या. त्यांवर हिरवे जाळे आणि नारळाच्या झावळ्या. मधोमध सत्तरीच्या एक आजीबाई, दोन्ही नाकपुड्यांत चमकी, साडीचा काचा मारलेला, हात कोपरापर्यंत ओले. नातू कॉलेजात शिकणारा. त्याच्या इंग्रजीतून आणि माझ्या हावभावांतून आमचे संभाषण सुरू झाले. मी त्यांना ‘अम्मा’ म्हणालो, त्या मला ‘सार’ म्हणू लागल्या.

अम्मांनी आधी एंजलचे जोडपे दाखवले. टाकीत पाटीचा उभा तुकडा टेकवलेला, त्यावर मोहरीहून बारीक अंडी. आईबाप पंखांनी त्यांना वारा घालीत होते. पण जरा घाबरले की तेच आईबाप अंडी खाऊन टाकतात. म्हणून अम्मा ती पाटी अलगद उचलून दुसऱ्या पाण्यात ठेवतात आणि पंपाच्या बुडबुड्यांनी स्वतःच वारा घालतात.

फायटरच्या घरी उलटा न्याय. तेथे सारे बाळंतपण बापाकडे. तो तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो. मादीने घातलेली अंडी तोंडात झेलून त्या फेसात ठेवतो. मग मादीला बाहेर काढावे लागते, नाहीतर तो तिच्या जिवावर उठतो. एकदोन दिवसांत पिल्ले फुटतात आणि फेसाला लोंबकळत राहतात. एखादे निसटून खाली पडले, की हा लढवय्या सूर मारून त्याला तोंडात धरून पुन्हा वर नेऊन ठेवतो. पिल्ले पोहू लागली की बापालाही बाहेर काढायचे. आणि त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पिल्लांना खायला काय? केळीच्या साली कुजवून त्या पाण्यात वाढवलेले सूक्ष्म जीव!

अर्धा तास मी त्या फेसापाशी उकिडवा बसून होतो. एक पिल्लू पडले. बापाने उचलले. पुन्हा पडले. पुन्हा उचलले.

मग न राहवून मी आमच्या पाच बाजीरावांची हकिगत सांगितली. अम्मांनी एकच प्रश्न केला, “पाणी कधी बदलत होता?”

“दर रविवारी,” मी अभिमानाने म्हणालो. “सगळं. भांडंही घासून लख्ख करीत असे.”

“अय्यो!” म्हणून अम्मांनी कपाळावर हात मारून घेतला.

नातवाने उलगडा केला. मासा जे टाकतो त्यातून पाण्यात अमोनिया होतो; तो विष. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात; तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य. हे जिवाणू दगडांवर, स्पंजावर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दर रविवारी ती उभी राहू पाहणारी वस्ती घासून टाकीत होतो आणि वर नळाचे ताजे क्लोरीन ओतीत होतो. आमचा मासा घाणीने नव्हे, माझ्या स्वच्छतेने मेला होता. शिवाय सोनेरी मासा नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे जगतो आणि वीतभर सहज वाढतो. त्याला ते गोल भांडे म्हणजे काळकोठडीच!

अम्मा काहीतरी म्हणाल्या. नातू हसून म्हणाला, “आजी म्हणते, तुम्ही मासा नेलात, पाणी नेलंच नाहीत.”

मी एक जोडी विकत मागितली. अम्मांनी साफ नकार दिला. टाकीतला एक तपकिरी, बुळबुळीत, जुना स्पंज काढून पाण्याच्या पिशवीत घातला आणि माझ्या हाती दिला. नव्या टाकीत हा ठेवा, पंप चालू ठेवा, महिनाभर रोज चिमूटभर खाद्य टाका, मग मासा आणा. पैसे विचारले तर नुसत्या हसल्या.

रात्रीच्या गाडीत शेजारच्या प्रवाशाने विचारले, “पिशवीत काय आहे हो?” मी म्हणालो, “मळ.” त्याने पुढे विचारपूस केली नाही. मी मात्र जागाच होतो. आमच्या आळीतल्या एका घरी वास्तूला बरकत येते म्हणून पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव ठेवलेले मला आठवले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. घरी ठेवणे गुन्हा. २०१९ साली त्याच्या देशोदेशीच्या व्यापारावरही बंदी आली. तरी माळरानांवरून ते चोरून उचलले जातेच. त्यालाही लोक ‘पाळले’ म्हणतात. पण आपण पथ्य पाळतो, व्रत पाळतो, दिलेला शब्द पाळतो. या सगळ्यांत बंधन पाळणाऱ्यावर असते. मासा पाळताना तेवढे ते माशावर कसे गेले?

घरी पोचताच मुलीला समोर बसवले आणि पाचही बाजीरावांची खरी वंशावळ सांगितली. ती शांतपणे म्हणाली, “मला माहीत होतं. तुम्ही कधी सांगता ते बघत होते.”

तीन फुटी टाकी आणली. स्पंज लागला, पंप सुरू झाला. रोज संध्याकाळी मुलगी रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकी आणि कॅलेंडरावर फुली मारी. शेजारी हसत. आमचे रसायनशास्त्राचे सहकारी आठवड्याला पाणी तपासून देत. सदतिसाव्या फुलीला ते म्हणाले, “आता आणा.”

दोन सोनेरी मासे आणले. मी नावे विचारली तेव्हा मुलगी म्हणाली, “बाराव्या दिवशी ठेवू. बारसं बाराव्या दिवशी असतं ना?”

बारावा दिवस उजाडला. दोघेही पोहत होते. सौभाग्यवतींनी घुगऱ्या केल्या. पाळणा टांगण्याचा प्रश्नच नव्हता. तो भरलेला समोरच होता. एकाचे नाव ठेवले अम्मा, दुसऱ्याचे कोळत्तूर.

बाजीराव हे नाव मुलीने घेतले नाही. मीही सुचवले नाही. आता रविवारी आम्ही दोघे मिळून टाकीतले चौथाई पाणी बदलतो. नवे पाणी आदल्या रात्रीच बादलीत भरून ठेवायचे असते. एखाद्या शनिवारी मी विसरतो. मग झोपायला जाताना आतून आवाज येतो, “बाबा, पाणी!” आणि मी निमूटपणे उठतो.