सोल्डरशिवाय पंखा

संगणकाच्या एसएमपीएसमधून चार तारांचे जे पांढरे कनेक्टर बाहेर येतात, त्यांना बाजारात मोलेक्स म्हणतात. पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, लाल तारेत ५ व्होल्ट आणि मधल्या दोन काळ्या तारा ग्राउंडच्या, अशी मांडणी असते. जुन्या हार्ड डिस्क यांवरच चालत. आता हे कनेक्टर बहुधा रिकामे लोंबतात. कॅबिनेटमध्ये १२ व्होल्टचा जादा पंखा बसवायला ते आयतेच असतात.

पहिला मोह पंख्याच्या तारा सोलून भोकांत खुपसण्याचा. प्रस्तुत लेखकाने तेच केले, तेही रंगाला रंग जुळवून. पंख्याच्या लाल तारेला हवे असतात १२ व्होल्ट; मोलेक्सची लाल देते ५. पंखा पेंगत फिरला. तार पिवळ्यात हलवल्यावर वेग आला, पण दोनच दिवसांत ती कंपनाने अर्धवट निसटली आणि तिचे उघडे तांबे कॅबिनेटच्या पत्र्याला टेकले. पत्रा ग्राउंडला जोडलेला; शॉर्ट होताच एसएमपीएस बंद पडला आणि सेव्ह न केलेला मजकूर गेला.

पक्का जोड क्रिंपिंगने होतो. त्यासाठी रिकामा प्लॅस्टिकचा खोका आणि सुट्या पिना मिळतात. पिनेच्या शेपटीला पत्र्याच्या पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात: पुढची उघड्या तांब्यावर वळते, मागची तारेच्या आवरणावर. पुढचीतून वीज जाते, मागची ओढ सोसते. साध्या पकडीने पाकळ्या नुसत्या चेपतात, आत वळत नाहीत. क्रिंपिंगचीच पक्कड हवी. पंख्याची तार बारीक आणि पिन जाड तारेसाठी घडवलेली, म्हणून तांबे दुमडून दुप्पट करावे लागते. सोल्डर तारेच्या धाग्यांत चढून ती ताठ करते आणि सतत हलणारी तार नेमकी त्या कडेशी तुटते. क्रिंपला हा धोका कमी.

खोक्याचा क्रम पुढून आणि मागून पाहताना उलटा दिसतो. म्हणून रिकामा खोका एसएमपीएसच्या कनेक्टरला लावून पिवळ्यासमोरचे भोक पेनाने खुणावणे सोपे. काही एसएमपीएसच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. तिथे मल्टीमीटरशिवाय इलाज नाही. खुणेच्या भोकात पंख्याची लाल, शेजारच्यात काळी. पिन खट्कन बसली की तार हलकेच ओढून पाहायची. सुटली तर पिनेची बारीक जीभ दबलेली असते. ती सुईने उचलून पिन पुन्हा बसवायची. जोडणी मात्र संगणक बंद करून, प्लग काढूनच.