स्पंजाच्या गावाला

तुमच्या आईबाबांना विचारून बघा, लहानपणी ते पाटी कशाने पुसत? दप्तरात एक छोटीशी डबी असायची आणि तिच्यात ओला स्पंज. तो बहुधा कारखान्यात तयार झालेला असे. पण खरा स्पंज वाढतो समुद्राच्या तळाशी. आणि दोस्तांनो, या खऱ्या स्पंजाने एका गावाचं नशीबच पालटून टाकलं. गाव अमेरिकेत आहे, पण तिथे पाऊल टाकलं की वाटतं, आपण ग्रीस देशात येऊन पोचलो!

या गावाचं नाव टार्पन स्प्रिंग्ज. अमेरिकेच्या नकाशात खाली उजव्या कोपऱ्यात फ्लोरिडा राज्य आहे, समुद्रात पाय सोडून बसल्यासारखं. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर हे गाव आहे. आम्ही टॅम्पा शहरात राहतो. तिथून मोटारीने तासाभरात पोचता येतं. त्यामुळे ग्रीसची हवा खायला आम्हाला ना विमानाचं तिकीट लागत, ना पासपोर्ट!

गावात अँक्लोट नावाची नदी आहे. नदीकाठी होड्यांचा धक्का आणि धक्क्यालगतचा रस्ता म्हणजे 'डोडेकानीज बुलवार्ड'. नाव अवघड वाटलं ना? फोड करून बघू. ग्रीक भाषेत 'डोडेका' म्हणजे बारा. आपला 'द्वादश' शब्द आठवला? ग्रीक आणि संस्कृत या दूरच्या बहिणी आहेत, बरं का! डोडेकानीज म्हणजे बारा बेटं. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ हा ग्रीक बेटांचा पुंजका आहे. टार्पन स्प्रिंग्जच्या पुष्कळ ग्रीक घराण्यांचं मूळ त्यातल्याच कालिम्नोस, सिमी, हाल्की या बेटांवर आहे.

दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला ग्रीक अक्षरं दिसतात. माझी मुलगी सातवीत आहे. ती एकदम ओरडली, "आई, हा तर गणितातला पाय!" मग पुढचा रस्ताभर आल्फा, बीटा, थीटा शोधायचा खेळच सुरू झाला.

पण ही बेटांवरची माणसं इतक्या दूर आली कशी? गाव कायद्याने स्थापन झालं १८८७ साली, आणि तेव्हा इथे ग्रीक वस्ती नव्हती. समोरच्या समुद्रात मात्र स्पंज भरपूर होते. जॉन चेनी नावाच्या व्यापाऱ्याने १८९० नंतर त्यांचा व्यापार सुरू केला. त्या वेळी लोक होडीतूनच लांब काठीच्या आकड्याने स्पंज ओढून काढत. अर्थात, काठी पोचेल तेवढंच! मग १९०५ साली जॉन कोकोरिस या ग्रीक माणसाने पाणबुड्याचा पोशाख आणि हवेचा पंप वापरून स्पंज काढायला सुरुवात केली. पण हे काम जाणणारी माणसं कुठून आणायची? ती होती ग्रीक बेटांवर. कालिम्नोस हे तर खडकाळ बेट. शेती जेमतेम, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुडी मारायची आणि पोट भरायचं. बघता बघता शेकडो माणसं इथे आली. मागोमाग बायकामुलं आली, चर्च आलं, कॉफीची दुकानं आली.

आता स्पंजाची गंमत ऐका. स्पंज ही वनस्पती नाही, तो प्राणी आहे! त्याला मेंदू नाही, हृदय नाही, तोंडही नाही. अंगावरच्या असंख्य भोकांतून पाणी आत घ्यायचं, त्यातले बारीक अन्नकण ठेवून घ्यायचे आणि पाणी बाहेर सोडायचं, एवढाच त्याचा उद्योग. जिवंत स्पंज काळपट आणि बुळबुळीत असतो. तो वर काढून कुजवतात, तुडवतात, धुतात. मग उरतो तो पिवळसर, मऊ सांगाडा. आपण अंग घासतो ते त्या सांगाड्याने! बुडाशी थोडा भाग ठेवून कापला, तर स्पंज पुन्हा वाढतो.

धक्क्यावरून एक बोट निघते. तिच्यात पाणबुड्या जुना पोशाख घालून स्पंज कसा काढायचा ते दाखवतो. रबरी कापडाचा अंगरखा, पायांत वजनदार बूट, छातीपाठीवर शिशाची वजनं आणि डोक्यावर धातूचं गोल शिरस्त्राण. सगळं मिळून पाऊणशे किलोंच्या आसपास! बोटीवरच्या पंपातून नळीने हवा खाली जाते.

पण हे काम जिवावरचं होतं. सोडावॉटरची बाटली उघडली की बुडबुडे फसफसून वर येतात, पाहिलंय ना? खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन माणसाच्या रक्तात विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला, की तसेच बुडबुडे त्याच्या शरीरात तयार होतात. कुणाचे पाय लुळे पडत, कुणाचा जीवच जाई. कालिम्नोसमध्ये 'मिहानिकोस' नावाचा एक नाच आहे. त्यात पुढचा नाचणारा काठी टेकत, थरथरत्या पायांनी नाचतो. तो असतो असाच अधू झालेला पाणबुड्या. टार्पन स्प्रिंग्जच्या धक्क्यावरही पाणबुड्याचा पुतळा उभा आहे.

आणि मग संकट आलं. १९४०च्या दशकात समुद्रातल्या स्पंजांवर रोग पडला आणि बहुतेक स्पंज मरून गेले. त्यातच कारखान्यातले स्वस्त स्पंज बाजारात आले. होड्या धक्क्याला बांधून पडल्या. पुष्कळ पाणबुड्यांना दुसरी कामं शोधावी लागली. ज्या धंद्यासाठी ही माणसं सातासमुद्रापार आली, तोच बसला! खरं तर तेव्हाच हे ग्रीक गाव विरून जायचं. पण तसं झालं नाही. पुढे स्पंज पुन्हा वाढले, काही होड्या पुन्हा निघाल्या. मधल्या काळात गाव टिकलं ते चर्च, सण, नाच आणि स्वयंपाकघर यांच्या जोरावर. आजही अमेरिकेच्या कुठल्याही शहरापेक्षा इथल्या वस्तीत ग्रीक वंशाच्या लोकांचं प्रमाण जास्त आहे.

गावाचा सगळ्यात मोठा सण ६ जानेवारीला, एपिफनीचा. येशू ख्रिस्ताने जॉर्डन नदीत बाप्तिस्मा घेतला, त्याची ही आठवण. १९०६ सालापासून तो इथे साजरा होतो. सेंट निकोलस चर्चमधून मिरवणूक निघते ती स्प्रिंग बायू नावाच्या जलाशयाकडे. सेंट निकोलस हे खलाशांचे रक्षणकर्ते संत. १६ ते १८ वर्षांची मुलं त्या थंडीत अनवाणी चालत येतात आणि पाण्यातल्या होड्यांत चढून तयार राहतात. एक मुलगी पांढरं कबुतर सोडते. धर्मगुरू लाकडी क्रूस पाण्यात फेकतात आणि धडाधड उड्या पडतात! ज्याच्या हाती क्रूस लागतो, त्याला वर्षभर आशीर्वाद मिळतो असं मानतात. सगळे त्याला खांद्यावर उचलून घेतात. आपल्याकडे हंडी फोडणाऱ्या गोविंदाला घेतात ना, अगदी तसं! मग जेवण आणि गोल धरून नाच.

जेवणाचं म्हणाल, तर शाकाहारी माणसाचेही हाल नाहीत. पालक आणि चीज भरलेली 'स्पानाकोपिता' म्हणजे पापुद्र्यांची खुसखुशीत वडीच. सुका मेवा आणि मधाळ पाक घातलेला 'बाक्लावा' आमच्या घरी येताच संपतो. आणि इथल्या ग्रीक सॅलडच्या तळाशी बटाट्याचं सॅलड लपलेलं असतं. ती या गावाची खासियत!

ग्रीकांचा आपल्या महाराष्ट्राशीही जुना संबंध आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यांतले काही जण स्वतःला 'यवन' म्हणवतात. यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठीच आला. पण गंमत म्हणजे त्या यवनांची नावं भारतीय आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते आपल्यात इतके मिसळले होते! टार्पन स्प्रिंग्जचे ग्रीक मात्र सव्वाशे वर्षांकडे येऊनही ग्रीक राहिले आणि अमेरिकनही झाले. इथली मुलं शाळेत इंग्रजी बोलतात आणि ग्रीक नाच शिकतात. सगळ्यांनाच अस्खलित ग्रीक येतं असं नाही, पण सणाला कुठे उभं राहायचं, कुठला पदार्थ कसा करायचा, हे त्यांना ठाऊक असतं.

माझ्या मुलीला रविवारच्या मराठी वर्गाचा भारी कंटाळा. तिथे स्पंज नाही, बोट नाही, बाक्लावाही नाही, ही तिची तक्रार. तिचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही वर्गात सगळ्या मुलांना पुरणपोळ्या लाटायला बसवणार आहोत!

तुम्ही कधी फ्लोरिडात आलात, तर टार्पन स्प्रिंग्जला जरूर जा. धक्क्यावर एखादे ग्रीक आजोबा भेटले, तर हसून 'कालिमेरा' म्हणा. म्हणजे सुप्रभात!