ओढणीचं टोक

उर्दूतले बे, पे, मीम म्हणायला ओठाला ओठ टेकावा लागतो. माझे वरचे दात इतके पुढे की शिकवताना ओठ ओढून मिटावे लागत. लहानपणी ‘दंताळं’ नाव पडलं, तेव्हापासून तोंडावर ओढणीचं टोक. लग्नाघरी बायका म्हणत, पोरगी लाजाळू आहे! रिश्ता घेऊन आलेले चहा पिऊन जात.

नोकरी लागल्यावर, एकोणतिसाव्या वर्षी तारा बसवायचं ठरवलं. अम्मी म्हणाली, अल्लाहने दिलेला चेहरा बदलायचा? मोहल्ल्यातल्या मौलानांनी तिला समजावलं : ऐब दुरुस्त करणं हा इलाज आहे, सिंगार नव्हे. जागा करायला वरचे दोन दात काढले. 22 महिने लागले. वाढत्या वयात जबडा लवकर वळतो, हे डॉक्टरांकडून तेव्हा कळलं.

दात मागे गेले, तरी हसताना हात तोंडाकडे जाई. अजूनही कधी कधी जातो.

यंदा सातवीतली एक मुलगी सबक वाचताना वही तोंडापुढे धरते. मधल्या सुट्टीत तिला माझा जुना फोटो दाखवला.

‘टीचर, ये आप हैं?’ मग हळूच, ‘दुखता है?’

‘दुखता है. चार दिन खिचडी.’

ती हसली, वहीआडूनच. तिच्या अम्मीला शनिवारी बोलावलंय. खर्चाचं तेव्हा बोलू.