मातीआड जाणारी भिंत

कोकणात घर बांधताना पाण्याचा विचार लोक छतापासून सुरू करतात. कौलं, पत्रे, पागोळ्या, पन्हळी यांवर तासन्‌तास चर्चा होते. पण रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातलं बरंच पाणी सच्छिद्र जांभ्यातून जमिनीत उतरतं. उतारावरच्या घरासाठी तेच पाणी जास्त धोक्याचं असतं.

माझा धाकटा भाऊ कुवेतला असतो. त्याने गावी घर बांधायला घेतलं आणि देखरेख माझ्याकडे आली. जागा उताराची. त्यामुळे खालचा मजला तीन बाजूंनी जमिनीत, पुढची बाजू मोकळी. तिथे अब्बांची पुस्तकं ठेवायची आणि संध्याकाळी गावातल्या मुलींची शिकवणी घ्यायची, असं आमचं ठरलेलं. अब्बांच्या संग्रहात उर्दू आणि मराठी पुस्तकं एकाच कपाटात शेजारी शेजारी असत. ओल लागली की बुरशी दोन्ही लिप्या सारख्याच खाते.

मे महिन्यात काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या. ठेकेदाराला पावसाआधी मागे मातीची भर टाकून मोकळं व्हायचं होतं. "मॅडम, आतून केमिकल मारू. दहा वर्षांची गॅरंटी," तो म्हणाला. गावातले वयस्क मिस्त्री बाजूला उभे होते. ते मला हळूच म्हणाले, "बाई, पाण्याला घरात घेऊन मग हाकलणार काय? भिंतीला हात लागतोय तोवर बाहेरून करून घ्या. माती पडली की संपलं."

हिशेब साधा आहे. जमिनीत भिंतीला टेकून एक मीटर पाणी साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला एक टन दाब येतो. तीन मीटर साचलं तर तीन टन. बाहेरून लावलेल्या थराला हा दाब भिंतीवर चेपतो, आतून लावलेल्याला मात्र भिंतीपासून सुटं करतो. शिवाय आतला थर टिकला तरी भिंत ओलीच राहते आणि आतल्या सळया गंजू शकतात.

बाहेरून करायचं तर खर्च वाढणार होता. अम्मीला ते पटेना. "पाहुणे काय भिंतीमागचा पाइप बघायला येणार? आधी फरशी चांगली घाला." भावाला फोन केला. तो म्हणाला, "आपा, टाइल्स साध्या घेऊ. अब्बांची पुस्तकं भिजायला नकोत."

मग काम मिस्त्रींच्या मताने झालं. काँक्रीटमध्ये पोकळ राहिलेल्या जागा फोडून भरल्या. शटरिंगच्या सळयांची भोकं बुजवली. तळ आणि भिंत मिळते तो सांधा सगळ्यात कच्चा, म्हणून तिथे वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई केली. त्यावर सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, आणि भर टाकताना दगडांनी तो थर सोलू नये म्हणून खडबडीत शहाबादी. तळाशी, खोलीच्या फरशीपेक्षा खाली, कापड गुंडाळलेला भोकांचा पाइप उतारावर सोडला, त्याच्याभोवती खडी भरली आणि मग माती. यातला पाइप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाण्याला वाट मिळाली की ते भिंतीशी साचत नाही, दाबही वाढत नाही.

वर्गात मी मुलींना सांगते की मराठीत ओलावा म्हणजे मायाही. उर्दूत नमी डोळ्यांत असते तेव्हा हळवी वाटते, पण भिंतीत आली की तिला सीलन म्हणतात. भिंतीतल्या ओलीचं कौतुक कुठल्याच भाषेत नाही.

कुवेतच्या उन्हात कमावलेला पैसा माझ्या हाती अमानत होता. तो दिसेल तिथे खर्च करणं सोपं होतं. अमानतीची कसोटी मात्र उद्या कुणीच बघायला येणार नाही अशा जागी लागते. जुलैत पाइपातून पाण्याची धार अखंड वाहत होती आणि खोलीच्या भिंतींना हात लावला तर कोरड्या होत्या. अम्मी आता आल्यागेल्याला साध्या टाइल्स नाही, तर तो पाइप दाखवते.

तुमचं घर होत असेल आणि त्याचा काही भाग जमिनीत जाणार असेल, तर मातीची भर पडायच्या आदल्या दिवशी स्वतः जा. भिंतीवरून हात फिरवा, सांधे बघा, पाइपात बादलीभर पाणी ओतून ते कुठे निघतं ते पाहा आणि फोटो काढून ठेवा. नंतर ती भिंत पुन्हा दिसणार नाही.