साच्यात जन्मणारा पदार्थ

पोलाद विकत घेतलं की सोबत कागद येतो. त्याची ताकद किती, ते किती ताणलं जातं, सगळं त्यावर छापलेलं. आमच्या धंद्यात ही चैन नाही. कारखान्यात येतात ते काचेच्या कापडाचे गुंडाळे आणि रेझिनची पिंपं. कॉम्पोझिट नावाचा पदार्थ तेव्हा जन्मायचाच असतो. तो साच्यात होतो, वस्तू होता होता. कोकणातल्या फायबरच्या होडीचं असंच, आणि मी जिथे काम करतो त्या नेदरलँड्समधल्या पवनचक्कीच्या पात्याचंही.

म्हणून आमच्या तोंडी सतत वेळेची भाषा. हार्डनर मिसळल्यावर रेझिन जितका वेळ वापरण्याजोगं राहतं ती पॉट लाइफ. ते वाहायचं थांबून थरथरीत होतं तो जेल टाइम. लाडवाचा पाक एकतारीच्या पुढे गेला तर सुगरण पाणी घालून तो मागे आणू शकते, हे मात्र मागे येत नाही. पुढे क्युअरिंग, म्हणजे रेझिन पक्कं घट्ट होणं, आणि त्यात निघणारी उष्णता. जाड थर एकदम ओतला तर तो आतून तापून तडकतो, कधी धूरही सोडतो. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होण्यासाठी लागणारं कोबाल्ट आणि पेरॉक्साइड एकमेकांत थेट ओतायचं नाही, स्फोट होतो. नवख्याला हे पहिल्या दिवशीच सांगतात.

काचेचा तंतू केसाहून कितीतरी बारीक, साधारण 10 ते 20 मायक्रॉनचा. नुसता घासला गेला तरी त्याची ताकद उतरते. म्हणून तो ओढला जातानाच त्यावर सायझिंगचा लेप चढतो. त्यातलं सिलेन एका बाजूने काचेला धरतं, दुसऱ्या बाजूने रेझिनला. माझ्या मते सगळी विद्या या अदृश्य लेपात आहे. जाहिरातीत मात्र ताकदीचाच डंका. खरं तर डिझाइन करताना आम्हाला अडवतो तो ताठरपणा. काचेचं कॉम्पोझिट पोलादापेक्षा पुष्कळ हलकं, पण वाकतंही पुष्कळ.

डच लोकांनी या पदार्थाला दिलेली सर्वांत देखणी देणगी म्हणजे ग्लेअर. फोक्कर या डच विमान कंपनीकडे धातूचे पातळ पत्रे चिकटवण्याची जुनी परंपरा होती. 1955 मध्ये उडालेलं तिचं एफ-27 विमान त्यातूनच घडलं. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात तोच धागा पुढे गेला. आधी पत्र्यांमध्ये अरामिडचे तंतू घालून पाहिले, पण पत्र्याला चीर पडल्यावर ते तुटत. काचेचे टिकले, आणि ग्लेअर झालं. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ ॲल्युमिनियम, मध्ये रेझिनमध्ये भिजलेले तंतू, पुन्हा ॲल्युमिनियम. चीर पत्र्यात सुरू झाली तरी तंतू तिच्यावरून पुलासारखे भार वाहतात, आणि ती रेंगाळते. 27 एप्रिल 2005 रोजी एअरबस ए-380 प्रथम उडालं तेव्हा त्याच्या धडाच्या वरच्या भागात हाच पदार्थ होता. त्या विमानाचं उत्पादन 2021 मध्ये थांबलं. दोष ग्लेअरचा नव्हता. एवढी मोठी विमानं कंपन्यांना नको झाली होती.

पाण्याच्या या देशात कालव्यांवरच्या लॉकचे, म्हणजे होड्यांना वरच्या-खालच्या पातळीत नेणाऱ्या कप्प्यांचे, दरवाजेही आता कॉम्पोझिटचे होऊ लागलेत. टिलबर्गला विल्हेल्मिना कालव्यावर असे दरवाजे आहेत. लाकूड कुजतं, पोलाद गंजतं, याला ते दुखणं नाही.

पण जे साच्यात वस्तूबरोबर जन्मलं ते वस्तूतून सुटतही नाही. क्युअर झालेलं रेझिन वितळत नाही. 2019 मध्ये रॉटरडॅमच्या मास्व्लाक्ते या बंदरभागात उभ्या राहिलेल्या हेलियाड-एक्स पवनचक्कीचं एकेक पातं 107 मीटरचं. तेही कधीतरी उतरवावं लागेल. त्याच शहरात वीकाडो नावाचं मुलांचं खेळाचं मैदान निकामी पात्यांचे तुकडे वापरून बांधलं आहे. कल्पना मला आवडते, पण निवृत्त होणाऱ्या सगळ्या पात्यांना पुरतील इतकी मुलं रॉटरडॅममध्ये नाहीत. सौम्य आम्लात विरघळून काच मोकळी करणारं रेझिन सीमेन्स गामेसाने 2021 मध्ये पात्यांसाठी आणलं. वीस-पंचवीस वर्षं वारा खाल्ल्यावर ते कसं वागतं, हे मला बघायचं आहे.