५४१९३० : एका व्यवसायाचे नाव

साहित्याच्या वर्गात 'प्रकार' हा शब्द आम्ही इतक्या वेळा उच्चारतो की त्यामागे काही व्यवहार असेल असे वाटेनासे होते. अमुक कृती कादंबरी की दीर्घकथा, तमुक लेखन ललित की आत्मपर, या वादाचा निकाल लागला नाही तरी कुणाचे काही अडत नाही. फार तर उत्तरपत्रिकेत दोन गुण कमी पडतात. परंतु अशीही एक वर्गवारी आहे, की जिच्यात आपले काम कोणत्या प्रकारात बसते यावर माणसाचे उत्पन्न अवलंबून असते, आणि जिच्यातील प्रकारांची यादी दर पाच वर्षांनी नव्याने तपासली जाते. अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून थेट कंत्राट मिळवू पाहणाऱ्या व्यावसायिकांना या वर्गवारीत आपली जागा शोधावी लागते.

आम्हां दोघींचा, म्हणजे एकाच मराठी विभागात शिकवणाऱ्या दोन अध्यापिकांचा, या वर्गवारीशी संबंध आला तो एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. मराठीत एम.ए. करून ती लग्नानंतर न्यू जर्सीला गेली आणि पुढे तिने भाषांतर व दुभाषी सेवेचा छोटासा व्यवसाय उभारला. तिच्याकडची मराठी भाषांतरे अधूनमधून आमच्याकडे नजरेखालून घालण्यासाठी येतात. शब्दांच्या शंका संपल्या की बोलणे तिच्या नोंदणीकडे वळते. प्रारंभी आम्ही केवळ सौजन्याने ऐकत होतो. नंतर लक्षात आले की ती जे सांगते आहे ते आमच्याच विषयातले आहे.

या वर्गवारीचे नाव 'उत्तर अमेरिकी उद्योग वर्गीकरण पद्धती'. तिथल्या बोलीत तिला 'नेक्स' म्हणतात. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांनी मिळून ती १९९७ मध्ये स्वीकारली. अमेरिकेत त्याआधी १९३० च्या दशकापासून चालत आलेली चार आकडी पद्धत होती. तिची अखेरची सुधारणा १९८७ ची. कारखान्यांच्या काळात घडलेल्या त्या चौकटीत सेवाव्यवसायांना पुरेशी जागा नव्हती. नव्या पद्धतीत सहा आकडे आले. पहिले दोन क्षेत्र सांगतात, तिसरा उपक्षेत्र, चौथा उद्योगसमूह, पाचवा उद्योग. सहावा प्रत्येक देशाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा. वर्गीकरणाचे तत्त्वही त्यांनी एकच धरले : काय विकले जाते यापेक्षा ते कसे निर्माण होते, हे पाहायचे. कलाकृतीचे वर्गीकरण आशयाने करावे की घडणीने, हा आपल्याकडचा जुना प्रश्न तिथे संख्याशास्त्रज्ञांनी घडणीच्या बाजूने सोडवला, असे म्हणायला हरकत नाही.

आमच्या विद्यार्थिनीचा मुख्य संकेतांक ५४१९३०, म्हणजे भाषांतर व दुभाषी सेवा. चोपन्न हे व्यावसायिक, शास्त्रीय व तांत्रिक सेवांचे क्षेत्र; त्यातला ५४१९ हा समूह 'इतर' सेवांचा. या 'इतरां'मध्ये बाजारसंशोधन आणि लोकमत चाचणी आहे, छायाचित्रण आहे आणि पशुवैद्यकही आहे. भाषांतरकाराची खुर्ची छायाचित्रकार आणि गुरांचा डॉक्टर यांच्या मधोमध मांडलेली पाहून आम्ही पहिल्यांदा हसलो. स्वतंत्र लेखक मात्र तिथून दूर, ७११५१० या अंकाखाली, कला व मनोरंजनाच्या क्षेत्रात नट-गायकांच्या पंगतीला बसतो. मूळ लेखक आणि अनुवादक यांच्यातले अंतर आपल्या समीक्षेने जेवढे मोजले नाही तेवढे या कोष्टकाने मोजले आहे! तरीही स्वतःचा स्वतंत्र अंक असणे ही लहान गोष्ट नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत भाषांतर ७४९० या वर्गात येते, आणि त्या वर्गाचे शीर्षकच 'इतरत्र वर्गीकृत न झालेल्या' सेवा असे आहे. भारताचे २००८ चे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण त्याच आवृत्तीवर बेतलेले आहे. जिथे पदरी अंक आहे तिथे निदान गणना होते. 'इतरत्र'मध्ये आपण किती आहोत हेही कळत नाही.

आता मुख्य मुद्दा : हा अंक एकदा लिहून भागत नाही. सरकारी कंत्राटदारांची नोंदणी 'सॅम' नावाच्या केंद्रीय यंत्रणेत होते. तिचे नूतनीकरण वर्षातून एकदा करावेच लागते. संकेतांकांत बदल मात्र केव्हाही करता येतो. या कामाला सरकार काही शुल्क घेत नाही. तरीही 'तुमची नोंदणी संपत आली आहे, आम्ही ती करून देतो' असे सांगून पैसे मागणारी, दिसायला सरकारी वाटणारी पत्रे येतात. ज्याला फॉर्मची भाषा वाचता येत नाही त्याच्यासाठी मध्यस्थ तयारच असतो, हे आपल्याला तलाठी कचेरीच्या दारातून परिचित आहे. विशेष म्हणजे यातला अंक कुठलाही अधिकारी बहाल करत नाही. आपले काम पाहून तो आपणच निवडायचा असतो.

आणि निवडलेला अंक पायांखाली सरकतो. २०२२ च्या सुधारणेत पुस्तक प्रकाशनाचा अंक ५१११३० चा ५१३१३० झाला. ग्रंथालये ५१९१२० वरून ५१९२१० वर गेली. इंटरनेटवरील प्रकाशनासाठी असलेला वेगळा अंक रद्द झाला आणि ते काम इतर अंकांत वाटले गेले. माध्यम इंटरनेटचे आहे एवढ्यावरून आता प्रकाशन निराळे ठरत नाही. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. त्या सव्वीस वर्षांच्या मानाने पाच वर्षांची ही लगबग विलक्षण वाटते. आमची विद्यार्थिनी मुलांसाठी द्विभाषिक पुस्तिका काढते. पुस्तिका त्याच, कागद तोच. अंक मात्र जुना पडला. तिने तुलनेची कोष्टके शोधून तो बदलून घेतला.

पण यादी बदलते तेव्हा निदान कोष्टक तरी मिळते. आपले कामच बदलते तेव्हा कोष्टक नसते. मध्यंतरी ती आरोग्यविषयक चित्रफितींना मथळे देऊ लागली. बोलणे चालू असतानाच अक्षरे उमटवायची असतील तर ते काम ५६१४९२, न्यायालयीन लघुलेखनाच्या शेजारी. आधी ध्वनिमुद्रित झालेल्या फितीला अक्षरे जोडायची असतील तर ५१२१९१, चित्रपटाच्या चित्रणोत्तर कामांमध्ये. कानाने ऐकून बोटाने लिहिण्याची एकच कृती काळाच्या अंतरामुळे दोन क्षेत्रांत विभागली जाते. रसिकाला ही विभागणी कृत्रिम वाटेल. पण साधने निराळी, घाई निराळी, चूक सुधारण्याची सवड निराळी. घडणीचे तत्त्व मानले की ती पटते.

अंकावर आणखी एक गोष्ट ठरते : आपण 'लहान' आहोत की नाही. लहान व्यवसायांसाठी तिथे काही कंत्राटे राखून ठेवतात, आणि लहानपणाची व्याख्या दर अंकाला वेगळी असते. भाषांतर व्यवसायाला ती वार्षिक सरासरी उलाढालीवर, २ कोटी २५ लाख डॉलरपर्यंत. पुस्तक प्रकाशकाला कर्मचाऱ्यांच्या संख्येवर, हजार माणसांपर्यंत. चार माणसांची आमच्या विद्यार्थिनीची संस्था दोन्ही मापांनी लहानच. परंतु तिच्याशी स्पर्धा करणारे 'लहान'ही केवढे असू शकतात याची कल्पना यावरून यावी.

व्यावसायिक आपला अंक स्वतः निवडतो हे खरे असले तरी प्रत्येक निविदेचा अंक कंत्राट देणारा अधिकारी निवडतो, आणि एका कामाचा लहानमोठेपणा त्या निविदेच्या अंकाने ठरतो. एका कार्यालयाने स्थलांतरित कुटुंबांसाठी लसीकरणाच्या माहितीचे काम काढले. कामाचा गाभा अनेक भाषांतील मजकूर हा होता, पण अंक दिला होता जाहिरात संस्थांचा. भाषांतराच्या अंकाने शोध घेणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीला ती निविदा दिसलीच नाही. निविदेच्या अंकावर आक्षेप घ्यायला दहा दिवसांची मुदत असते. तिला पत्ता लागला बाराव्या दिवशी, तोही एका परिचिताकडून. त्या रात्री फोनवर तिने विचारले, "मॅडम, मी नक्की काय करते, हे तुम्ही एका वाक्यात सांगाल?"

आम्ही एका वाक्यात सांगू शकलो नाही, आणि तसे सांगता येऊ नये यातच तिच्या कामाची प्रतिष्ठा आहे असे आम्हांला वाटते. मात्र तेवढ्याने तिचे भागणार नव्हते. आम्ही तिला एवढेच सुचवले, की वर्षभरात केलेल्या कामांची यादी कर, प्रत्येकासमोर क्रियापद लिही, आणि मग अंक पाहा. तिच्या यादीत 'भाषांतर केले' फक्त निम्म्या ठिकाणी आले. उरलेल्या ठिकाणी होते : बोलले, ऐकवले, शिकवले, छापले, तपासले. त्यानुसार तिने भाषाशाळेचा ६११६३० आणि मथळ्यांचे दोन असे तीन अंक नोंदणीत वाढवले. जाहिरातीचा मात्र घेतला नाही. "ते मी करत नाही," ती म्हणाली. शोधात दिसण्यासाठी न येणाऱ्या कामाचे नाव लावायचे नाही, हा तिचा निर्णय आम्हांला फार मोलाचा वाटतो.

कामाला नाव आणि नावाला उत्पन्न ही जोडी आपल्या समाजाला नवी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची जी तपशीलवार व्यवस्था आहे, तीही एक वर्गवारीच होती. तिच्यात सुधारणेचे वर्ष नव्हते. अंक जन्माने मिळे, काम बदलले तरी तो पुसता येत नसे. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या पुस्तकाला 'बलुतं' हेच नाव दिले; आणि पुढे या धाटणीच्या लेखनाला आत्मचरित्र म्हणावे की आत्मकथन की स्वकथन, हा वाद आपण बराच काळ घातला. तो वाद निष्फळ होता असे आम्ही वर्गात कधी सांगत नाही. नाव लावण्याचा अधिकार कुणाचा, हाच त्याचा खरा विषय होता. ज्या वर्गवारीत आपले नाव आपण बदलू शकतो, ती कितीही रुक्ष असली तरी तिच्यात बदल न करता बसून राहणे हे हाती आलेला अधिकार वाया घालवणे आहे.

मात्र अंक अद्ययावत असला म्हणजे काम शाबूत राहते असेही नाही. इंग्रजी नीट न येणाऱ्यांना सरकारी सेवा समजेल अशा रीतीने मिळाव्यात, असा आदेश अमेरिकेत २००० साली निघाला होता. तिथल्या भाषासेवांना त्याने मोठा आधार दिला. १ मार्च २०२५ रोजी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणाऱ्या नव्या आदेशाने तो रद्द झाला. ५४१९३० हा अंक मात्र १९९७ पासून आहे तसाच आहे. दुसरीकडे, यंत्राने केलेले भाषांतर माणसाने तपासून द्यायचे, हे काम तिच्याकडे वाढते आहे. ते भाषांतर आहे की संपादन? घडणीचे तत्त्व लावले तर हा प्रश्न पुन्हा उघडावा लागेल. क्रमाने पाहता वर्गीकरणाच्या पुढच्या सुधारणेची पाळी २०२७ ची आहे, आणि अशा सुधारणांपूर्वी सर्वसामान्यांकडून सूचना मागवण्याची तिथे प्रथा आहे.

या वर्षी एम.ए. च्या अनुवादविषयक तासाला आम्ही तिची क्रियापदांची यादी, तिच्या परवानगीने, फळ्यावर लिहिणार आहोत. सिद्धांत त्यानंतर.